मुळाला 'खाली' कसं कळतं? मटकीच्या ग्लासपासून डाळिंबाच्या गुटीपर्यंत



सातवीच्या विज्ञानात 'वनस्पती : रचना व कार्ये' हा पाठ आहे. मूलाग्र, मूलटोपी, मूलरोम, सोटमूळ, तंतुमूळ. आकृती काढायची, नावं द्यायची, पाठ संपला. मी स्वतः डी.एड. झालेला शिक्षक. शाळेत माणसं कमी, त्यामुळे सातवीचं विज्ञानही माझ्याकडेच आलं आणि दोन-तीन वर्षं मी हा पाठ असाच उरकला. मग एके दिवशी आमच्या पाथर्डी तालुक्यातल्या या छोट्या शाळेत एका मुलीने हात वर केला.

"सर, बी कशीही पडली तरी मूळ खालीच जातं. त्याला खाली कसं कळतं?"

मी लगेच सांगून टाकलं, "गुरुत्वाकर्षण असतं ना, पृथ्वी ओढते."

ती खाली बसली नाही. म्हणाली, "मग खोडाला का नाही ओढत?"

वर्ग हसला. मी "उद्या सांगतो" म्हणालो. आपण शिक्षक 'उद्या सांगतो' कधी म्हणतो हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे! माझं उत्तर चुकीचं होतं. पृथ्वीने ओढल्यामुळे मूळ खाली जात असतं, तर खोडानेही मान टाकायला हवी होती. घरी येऊन वाचायला बसलो. त्या एका प्रश्नातून जे हाती लागलं ते आज तुमच्यासमोर मांडतो.

आधी प्रयोग करूया

साहित्य घरातलंच आहे. काचेचा ग्लास, जुनं वर्तमानपत्र, मूठभर मटकी. मटकी रात्रभर भिजवायची. कागदाची गुंडाळी ग्लासात आतून काचेला टेकवून बसवायची आणि ती ओली करायची. कागद आणि काच यांच्यामध्ये मटकीचे आठ-दहा दाणे सरकवायचे, एकाचं तोंड वर, एकाचं खाली, एकाचं बाजूला. एक-दोन दिवसांत मोड येतात आणि सगळ्यांची मुळं वळणं घेत घेत खालीच निघतात.

मुळं बोटाच्या पेराएवढी झाली की खरी गंमत सुरू होते. ग्लासातलं जास्तीचं पाणी ओतून टाका, कागद ओला राहू द्या, तोंडावर प्लॅस्टिक बांधा आणि ग्लास आडवा ठेवा. आम्ही परिपाठ झाल्यावर ठेवला. शाळा सुटायच्या वेळेला पोरं ग्लासाभोवती गोळा झाली, तर सगळे शेंडे खाली वळलेले! मधला भाग आडवाच होता, वळला होता तो फक्त शेंड्याजवळचा भाग.

आता दुसरा ग्लास. यातल्या तीन-चार मुळांचे शेंडे अगदी टोकाला, एक-दीड मिलिमीटर, ब्लेडने उडवा (हे काम शिक्षकांनीच करायचं, पोरांच्या हातात ब्लेड नको). मग ग्लास आडवा करा. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर शेंडा नसलेली मुळं थोडी वाढली होती, पण नाकासमोर सरळ आडवीच. म्हणजे मूळ वाढू शकतं, पण त्याला 'खाली' कुठे आहे ते कळत नाही. कळण्याचं काम शेंड्यात चालतं.

चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी वनस्पतींच्या हालचालींवर १८८० साली एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी घेवड्यासारख्या रोपांवर असेच प्रयोग केले होते. मुळाचा शेंडा हा साध्या प्राण्यांच्या मेंदूसारखं काम करतो, इथपर्यंत त्यांनी म्हणून ठेवलंय. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा माणूस म्हातारपणी घेवड्याची मुळं तासत बसला होता, हे वर्गात सांगितलं की मुलांना फार आवडतं.

शेंड्यात नेमकं काय आहे?

मूलटोपीच्या आत काही पेशी असतात, त्यांत पिष्टमय पदार्थाचे जड कण असतात. ग्लास आडवा केला की काही मिनिटांतच हे कण पेशीच्या आत नव्या तळाशी जाऊन बसतात, डब्यातले शेंगदाणे डबा आडवा केल्यावर एका बाजूला जमावेत तसे. पृथ्वी ओढते ती या कणांना. मुळाला ती फक्त खबर मिळते. पुढचं सगळं मूळ स्वतः करतं, आणि ते करतं एका संप्रेरकाच्या मदतीने. त्याचं नाव ऑक्झिन.

ऑक्झिनचा माग लागला तो नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला. फ्रिट्स व्हेंट या तरुणाने ओटच्या कोवळ्या कोंबांचे शेंडे कापून चायना ग्रासच्या जेलीवर काही वेळ ठेवले. मग शेंडे फेकून दिले आणि जेलीचा नुसता तुकडा शेंडा छाटलेल्या कोंबावर एका बाजूला ठेवला. कोंब वाकला! म्हणजे शेंड्यातून जेलीत काहीतरी उतरलं होतं आणि त्यानेच वाढ घडवली. हे काम १९२८ साली प्रसिद्ध झालं. 'वाढणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पुढे त्या पदार्थाला ऑक्झिन म्हणू लागले.

आता महत्त्वाची गोष्ट. ऑक्झिन आहे की नाही, एवढ्याने काही ठरत नाही. ते कुठे किती आहे यावर सगळं ठरतं. हे मुलांना समजवायला मी आपल्याकडचंच उदाहरण घेतो. मुळा धरणाचा उजवा कालवा राहुरी, नेवासा, शेवगाव करत आपल्या तालुक्यातल्या काही गावांपर्यंत येतो. पाणी एकाच धरणाचं. पण हेडच्या गावात ऊस दिसतो आणि टेलकडे येता येता कपाशी, बाजरी, हरभरा. पाणी काही शेतकऱ्याला सांगत नाही 'तू ऊस लाव'. किती पाणी येतं ते बघून शेतकरी पीक ठरवतो. मुळातल्या पेशी या शेतकऱ्यांसारख्या. ऑक्झिन सगळ्यांना एकच, पण ज्या पेशीला जेवढं मिळतं त्यावरून ती काय करायचं ते ठरवते. या कमी-जास्त होत जाणाऱ्या प्रमाणाला आपण संप्रेरकाचा 'उतार' म्हणू.

या उदाहरणात एक उलट बाब आहे, ती लपवू नका. कालव्यात टेलला पाणी सगळ्यात कमी, मुळात मात्र सगळ्यात टोकाला ऑक्झिन सगळ्यात जास्त. कोवळ्या पानांत आणि खोडाच्या शेंड्यात तयार झालेलं ऑक्झिन मुळाच्या मधोमध असलेल्या भागातून खाली येतं, टोकाशी जमतं आणि मग बाहेरच्या थरांतून परत वर वळतं. उलटं धरलेलं कारंजंच म्हणा ना! आणि हे आपोआप वाहत नाही. प्रत्येक पेशीच्या भिंतीलगत 'पिन' नावाच्या प्रथिनांची दारं असतात. दारं ज्या बाजूला, त्या बाजूला ऑक्झिन बाहेर पडतं. पिन हे नाव आलं टाचणीवरून. ज्या रोपात हे दार बिघडलं होतं, त्याच्या दांड्याला फुलंच येईनात, नुसता टाचणीसारखा दांडा उभा राहिला. ते रोप म्हणजे अ‍ॅराबिडॉप्सिस, मोहरीच्या कुळातलं वीतभर तण. ज्याची संपूर्ण जनुकीय माहिती वाचली गेली असं हे पहिलं झाड, साल २०००.

आता त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जुळतं. मूळ आडवं केलं, जड कण तळाशी बसले, की त्या पेशींतली पिनची दारं खालच्या बाजूला सरकतात. मुळाच्या खालच्या अंगाला जास्त ऑक्झिन जातं. मुळाच्या पेशींचा स्वभाव असा की ऑक्झिन जास्त झालं तर लांबणं मंदावतं. खालचं अंग हळू, वरचं अंग भरभर, म्हणून मूळ खाली वळतं. खोडातही खालच्या अंगाला ऑक्झिन जास्त जमतं, पण तिथल्या पेशी जास्त ऑक्झिन मिळालं की जास्त लांबतात, म्हणून खोड वर वळतं. पदार्थ एक, बाजू एक, परिणाम उलटा. पृथ्वी दोघांनाही सारखीच ओढते!

पेशीला ठरवायला लावणारी जनुकं

शेतकरी पाणी बघून पीक ठरवतो म्हटलं, पण पेशीत हे 'ठरवणं' कोण करतं? काही जनुकं. यांना नियामक जनुकं म्हणतात, कारण ती स्वतः काही बांधत नाहीत, दुसऱ्या जनुकांना चालू-बंद करतात. शाळेत मुख्याध्यापक फळ्यावर वेळापत्रक लावतात, शिकवायला आपण जातो, तसंच काहीसं.

मुळाच्या बाबतीत 'प्लेथोरा' हा जनुकांचा गट फार मोठं काम करतो. त्याचा शोधही उट्रेख्टलाच लागला, बेन शेरेस यांच्या प्रयोगशाळेत. २००४ आणि २००७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टोकाला ऑक्झिन भरपूर, म्हणून तिथे प्लेथोराची प्रथिनं भरपूर. जिथे ती सगळ्यात जास्त, तिथे पेशी मूलपेशी म्हणून राहतात. (मुलं इथे हमखास गोंधळतात. मूलपेशी म्हणजे मुळातली पेशी नव्हे, पुढे कुठलीही पेशी होऊ शकणारी आद्य पेशी.) प्रमाण मध्यम असेल तिथे पेशी भराभर विभागतात. आणखी वर, जिथे प्रमाण उतरतं, तिथे विभागणी थांबते, पेशी लांबतात आणि त्यानंतर कुणी मूलरोम, कुणी पाणी वाहणारी नळी अशी कामं वाटून घेतात. सातवीच्या आकृतीत मुळाचे भाग एकावर एक दाखवलेले असतात ना, त्यांच्या सीमा अशा ठरतात. ही जनुकं बिघडलेल्या रोपाचं मूळ खुरटतं. उलट गर्भावस्थेतल्या रोपात ती भलत्या जागी चालू केली, तर वरच्या टोकालाही मूळ येऊ लागतं.

इथे माझ्या मनात एक शंका आली होती, तुमच्याही येईल. ग्लास आडवा केला की ऑक्झिन लगेच इकडचं तिकडे होतं. मग मुळाचे भागही विस्कटून जायला हवेत. तसं होत नाही. कारण प्लेथोराची प्रथिनं टोकाशी हळूहळू साठतात आणि पेशी विभागत विभागत वर सरकल्या की त्या दोघी-चौघींत वाटली जाऊन पातळ होत जातात. ताकात दर वेळी थोडं पाणी घालत गेलं की ते जसं पातळ होतं, तसा हा उतार बनतो आणि टिकतो. ऑक्झिनच्या तासा-दोन तासांच्या चढ-उताराने तो हलत नाही. वळायचं काम ताबडतोबीचं, ते ऑक्झिनकडे. रचनेचं काम दमाचं, ते प्लेथोराकडे.

अजून दोन नावं सांगून पुढे जातो. 'शॉर्ट-रूट' म्हणजे आखूड मूळ आणि 'स्केअरक्रो' म्हणजे बुजगावणं. शॉर्ट-रूटचं प्रथिन मुळाच्या मधल्या भागात तयार होतं आणि तिथून एकच थर बाहेर सरकतं. तिथे बुजगावणं त्याला अडवून धरतं, पुढे जाऊ देत नाही. म्हणून मुळात पाण्यावर पहारा ठेवणारा आतला थर एकाच पेशीचा राहतो. जनुक बिघडल्यावर जे दिसतं त्यावरून जनुकाचं नाव ठेवायची ही पद्धत आहे, त्यामुळे नावं ऐकायला विचित्र वाटतात.

हे सगळं आपल्या बांधावर

एवढं वाचून झाल्यावर वाटलं, हे विदेशी तणावरचं शास्त्र पोरांना कशाला? आणि तेवढ्यात आषाढात वर्गातला एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्या दादांनी डाळिंबाला चाळीस गुट्या बांधल्या होत्या, निम्म्याला मुळंच नाहीत." मी शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांच्या बागेत गेलो.

गुटी कलम आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीवरची साधारण इंचभर रुंदीची साल गोल काढायची, वरच्या कडेला मुळं फुटायची पावडर लावायची, ओलं शेवाळ गुंडाळून वरून प्लॅस्टिक घट्ट बांधायचं. महिना-दीड महिन्यात प्लॅस्टिकमधून पांढरी-तांबूस मुळं दिसू लागली की फांदी खालून कापून पिशवीत लावायची. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'भगवा' वाणाने आपल्या भागातल्या माळरानांवर बागा उभ्या केल्या, त्यांतली कितीतरी झाडं अशा गुट्यांचीच लेकरं आहेत. बीपासून केलं तर झाड आईसारखं निघेलच याची खात्री नसते, म्हणून गुटी.

आम्ही लागलेली एक गुटी सोडली. मुळं कुठून आली होती? साल काढलेल्या पट्ट्याच्या वरच्या कडेवरून. खालच्या कडेला एकही नाही. का, ते आता तुम्हीच सांगाल. वरच्या पानांतून आणि शेंड्यांतून ऑक्झिन सालीच्या आणि सालीखालच्या थरातून खाली येत असतं. पट्टा काढला की रस्ता तुटला. ऑक्झिन वरच्या कडेला तुंबतं, त्याच्याबरोबर पानांनी बनवलेली साखरही. आतलं लाकूड शाबूत असल्याने पाणी वर जात राहतं, म्हणून फांदी सुकत नाही. तुंबलेल्या ऑक्झिनने तिथल्या पेशींमध्ये मुळाची जनुकं जागी होतात आणि जी पेशी काल खोडाची होती ती आज मुळाची सुरुवात बनते. आपण लावतो ती पावडर म्हणजे आयबीए, इंडोल ब्युटिरिक आम्ल. तेही ऑक्झिनच्याच घरातलं. म्हणून पावडर वरच्या कडेला लावायची. खाली लावून तिचा उपयोग नाही.

मग न लागलेल्या गुट्या? त्यांपैकी सहा सोडून पाहिल्या. चार गुट्यांत साल गोल निघालीच नव्हती, एका बाजूला सालीची बारीक पट्टी राहिली होती. उरलेल्या दोन गुट्यांत साल निघाली होती, पण लाकडावरचा तो बुळबुळीत थर खरवडलेला नव्हता आणि त्यातून वरची-खालची कड पुन्हा जुळून आली होती. काडीएवढा पूल राहिला तरी ऑक्झिन त्यावरून निघून जातं, तुंबत नाही. मुलाचे वडील पट्टी बोटाने चाचपत म्हणाले, "म्हणजे बांध फुटलेला राहिला." मी इतके दिवस शोधत होतो तो शब्द त्यांनी दिला. वर्गात आता मी हाच वापरतो.

(एक सूचना राहून जाऊ नये. गुटी तेल्या नसलेल्या निरोगी झाडावरच बांधा. मुळं फुटतील, पण रोगही सोबत येईल.)

दुसरं आपलं पीक रब्बी ज्वारी. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरायची आणि नंतर पाऊस नसतोच. जमिनीत साठलेल्या ओलीवर कणीस भरायचं. ओल वरून आटत जाते, तसं मूळ तिच्यामागे खाली गेलं पाहिजे. राहुरीचे वाण म्हणूनच जमिनीच्या खोलीप्रमाणे सांगितले जातात. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा.

मूळ किती तिरपं आणि किती खोल जाणार, हेही जनुकांत असतं का? भातात याचं सुंदर उत्तर मिळालंय. आयआर ६४ या प्रसिद्ध वाणाची मुळं उथळ पसरतात. फिलिपिन्समधल्या किनान्दांग पातोंग या डोंगरी भाताची मुळं खोल जातात. जपानचे युसाकू उगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं की यात 'डीआरओ-१' नावाच्या एका जनुकाचा मोठा हात आहे. आयआर ६४मध्ये त्या जनुकातलं एकच अक्षर गळालेलं आहे, त्यामुळे प्रथिन अर्धवट बनतं आणि मूळ गुरुत्वाच्या दिशेने पुरेसं वळत नाही. हे जनुकही ऑक्झिनच्या हुकमाखालीच चालतं. संकर करून चांगलं जनुक आयआर ६४मध्ये आणलं, तर मुळं खोल गेली आणि दुष्काळात दाणे जास्त भरले. एका अक्षराची चूक! शुद्धलेखनाच्या तासाला हे उदाहरण मी मुद्दाम देतो.

ट्रॅक्टरने दबलेल्या जमिनीत मूळ का अडतं, हे २०२१ साली बिपिन पांडे या भारतीय शास्त्रज्ञाने इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला दाखवलं. मुळातून निघणारा इथिलीन वायू घट्ट मातीतून बाहेर पडू शकत नाही, मुळाभोवतीच कोंडतो, आणि मूळ त्याला 'थांब' असा इशारा समजतं. ज्या रोपांना इथिलीन ओळखताच येत नाही, ती तशाच घट्ट मातीत पुढे गेली.

आता वर्गाविषयी. पाचवी-सहावीला मटकीचा ग्लास पुरे, जनुकांची नावं नकोत. सातवीला कालव्याचं उदाहरण आणि गुटीची फांदी. आठवीच्या पुढच्यांना प्लेथोरा सांगून बघा, समजतं. ग्लास रोज एकदा फिरवत राहिलात तर मूळ नागमोडी होतं, ते वहीत काढायला लावा.

तो पहिला प्रश्न विचारणाऱ्या मुलीचे आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले. ती आजीजवळ राहिली, शाळा सुटू दिली नाही. घरची दोन एकर ज्वारी मागे आजीच्या भरवशावर, पाणी द्यायला विहिरीत पाणी नाही आणि माणूसही नाही. जानेवारीत एका सोमवारी ती ज्वारीचं एक धाट मुळासकट घेऊन वर्गात आली. रविवारी आजीबरोबर टिकावाने खणलं होतं. आम्ही फरशीवर मुळं पसरून पट्टीने मोजली, सगळ्यात लांब निघालं चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. मी शाबासकी दिली तर ती म्हणाली, "सर, हे पूर्ण नाही. माती लय कडक होती. शेंडा तुटून खालीच राहिला."